बाळंतविड्यातली लोकर

नव्या बाळासाठी आणि बाळंतिणीसाठी आजी, मावशी, आत्या, मामी जो कपड्यांचा आणि खाऊचा संच घेऊन येतात, तो बाळंतविडा. झबली, टोपडी, दुपटी, लंगोट आणि खणाच्या काठाची कुंची हे त्यातले जुने, शिवलेले कपडे. सुयांवर विणलेला लोकरीचा स्वेटर, टोपडे, मोजे आणि शाल ही त्यांच्या मानाने अलीकडची भर. तरीही आज मराठी घरातला बाळंतविडा या जोडीशिवाय पुरा वाटत नाही, आणि त्यातला किमान एक नग तरी घरातल्या कुणीतरी हाताने विणलेला असावा, अशी अपेक्षा असते.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या संगमनेरसारख्या गावात या कपड्यांना हवामानाचे कारणही आहे. प्रवरा आणि म्हाळुंगी यांच्या संगमावर वसलेल्या या गावाच्या पश्चिमेला अकोले तालुका आणि त्यापुढे सह्याद्रीची रांग आहे. मार्गशीर्ष-पौषात पहाटेचा पारा दहा अंशांच्या आसपास येतो, कधी त्याखालीही उतरतो. दुपारी मात्र ऊन चांगले तापते. एकाच दिवसात इतका फरक पडत असल्याने बाळाला जाडजूड एक कपडा घालून चालत नाही. आत सुती झबले, त्यावर पुढून उघडणारा हलका स्वेटर, आणि ऊन वर आले की तो चटकन काढता यावा, ही इथली गरज आहे. समोर बटणे असलेला स्वेटर मराठी घरांत इतका रूढ झाला, तो या सोयीमुळेही.

संगमनेर एकेकाळी हातमागांचे गाव म्हणून ओळखले जाई. सुयांचे विणकाम मात्र मागाच्या कामापेक्षा मुळातच वेगळे आहे. मागावर ताणा आणि बाणा असे उभे-आडवे धागे एकमेकांना छेदतात. कापड घट्ट बसते, पण ताणले जात नाही. सुयांवर एकच अखंड धागा असतो आणि प्रत्येक टाका म्हणजे खालच्या टाक्यातून ओढून काढलेला फास. हे फास सैल होतात, पुन्हा आवळतात, म्हणून विणलेला कपडा अंगाबरोबर ताणला जातो आणि त्याच्या फटींत हवा अडकून ऊब टिकते. महिन्यामहिन्याला वाढणाऱ्या आणि सतत हातपाय झाडणाऱ्या बाळासाठी याहून सोयीचे कापड नाही. पहिल्या वर्षाचा मुख्य उबदार कपडा म्हणून विणलेलाच कपडा निवडावा.

दोन सुयांचे हे तंत्र महाराष्ट्रात बाहेरून आले. विणलेल्या वस्तूंचे सर्वांत जुने नमुने इजिप्तमध्ये सापडलेले, निळ्या-पांढऱ्या सुताचे मोजे आहेत. ते साधारण अकराव्या शतकापासूनचे मानले जातात. पुढे युरोपात ही कला घरोघर पोचली, आणि तिथून एकोणिसाव्या शतकात मिशनरी बायका व इंग्रज कुटुंबे यांच्याबरोबर भारतात आली. अहिल्यानगर जिल्ह्याला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला, या वाटेवर महत्त्वाचे स्थान आहे. अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे तिथे १८३१ साली सुरू झाले. सिंथिया फरार यांनी तिथे मुलींच्या शिक्षणाचे काम केले आणि सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे धडे त्यांच्याकडे घेतले. मिशनच्या मुलींच्या शाळांत वाचन-लेखनाच्या जोडीला सुईकाम शिकवण्याची पद्धत होती. नंतर पंडिता रमाबाईंचे शारदा सदन (१८८९), धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली सुरू केलेला अनाथ बालिकाश्रम आणि पुण्याचे सेवासदन (१९०९) यांसारख्या संस्थांनी स्त्रियांच्या शिक्षणाला आणि स्वावलंबनाला बळ दिले. शिवण, भरतकाम, विणकाम ही शिकलेल्या स्त्रीच्या हाती असण्याची कौशल्ये ठरली, ती याच काळात. १९६२च्या चिनी आक्रमणाच्या वेळी जवानांसाठी स्वेटर आणि मोजे विणण्याची देशभर लाट आली, तेव्हा सुया हाती न घेतलेल्या अनेक घरांतही सुया आल्या. पुढे शाळांतल्या कार्यानुभवाच्या तासाला मुलींनी पहिले टाके घातले. मोठ्या माणसाच्या स्वेटरचा धीर सगळ्यांना होत नाही. बाळाचे मोजे मात्र पुरे होतात. शिकणारीचा पहिला नग बहुधा बाळाचाच असतो, तो यामुळे.

लोकर संगमनेरच्या माणसाला नवी नाही. तालुक्याच्या पठार भागात धनगरांचे वाडे आहेत आणि त्यांची दख्खनी मेंढी काळी-करडी लोकर देते. पण ती लोकर घोंगडीची. तिचे तंतू जाड, केसासारखे राठ असतात. पाऊस आणि वारा अडवायला उत्तम, तान्ह्याच्या गालाला मात्र नको. लोकर टोचते ती तंतूच्या जाडीमुळे. साधारण तीस मायक्रॉनपेक्षा जाड तंतूंची टोके कातडीवर वाकत नाहीत, रुततात. मेरिनो मेंढीचे तंतू वीस मायक्रॉनच्या आसपास असतात, म्हणून ते मऊ लागतात. बाळासाठी लोकर निवडताना ती हाताने चाचपून भागत नाही, कारण तळहाताची कातडी जाड असते; लोकरीचा गुंडा मानेला किंवा ओठाला लावून पाहावा.

दुकानात ‘बेबी वूल’ म्हणून मिळणारी बरीचशी लोकर खरे तर ॲक्रिलिक, म्हणजे कृत्रिम धागा असते. ती स्वस्त, रंगीत आणि धुवायला सोपी असते. तिच्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. पण दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. खरी लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के ओलावा दमट न लागता शोषते. ॲक्रिलिक घाम शोषत नाही, त्यामुळे आत सुती झबले हवेच. दुसरी गोष्ट आगीची. खरी लोकर सहज पेट घेत नाही आणि ज्योत दूर केली की बहुधा विझते. ॲक्रिलिक पेटते, वितळते आणि कातडीला चिकटते. बाळ-बाळंतिणीला शेगडीचा शेक आणि ओव्याची धुरी देण्याची रीत अजून अनेक घरांत आहे. त्या वेळी बाळाच्या अंगावर ॲक्रिलिकचा कपडा अजिबात नसावा. उन्हाळ्यात जन्मलेल्या बाळासाठी विणायचेच असेल, तर सुती धागा घ्यावा.

धाग्याची जाडी पदरांवर सांगतात. तान्ह्यासाठी तीन पदरी किंवा चार पदरी लोकर वापरतात. सुयांचे जुने इंग्रजी क्रमांक आपल्याकडे अजून चालतात आणि त्यात नवशिकीचा गोंधळ होतो, कारण आकडा वाढला की सुई बारीक होते. आठ नंबरची सुई ४ मिलिमीटरची, दहा नंबरची सव्वातीन मिलिमीटरची आणि बारा नंबरची पावणेतीन मिलिमीटरची. बाळाच्या स्वेटरला काठासाठी बारा नंबर आणि अंगासाठी दहा नंबर ही नेहमीची जोडी. लागेल तेवढी सगळी लोकर एकाच वेळी, एकाच लॉटची घ्यावी. रंगाचे नाव तेच असले तरी लॉट बदलला की छटा बदलते, आणि एक बाही वेगळी दिसते.

विणकामाचा पाया दोनच टाके आहेत: सुलट आणि उलट. सगळ्या ओळी सुलट घातल्या की दोन्ही बाजूंनी सारखी, जाडसर, कडा न वळणारी वीण तयार होते. एक ओळ सुलट आणि एक ओळ उलट घातली की पुढून गुळगुळीत वीण मिळते. एक सुलट, एक उलट असे एकाच ओळीत घालत गेले की ताणली जाणारी पट्टी होते. ती काठाला, मनगटाला आणि गळ्याला लावतात. वेण्या, पाने, जाळी, सारे नमुने या दोन टाक्यांच्या फेरफारातूनच निघतात.

अवघड भाग नमुन्याचा नसून मापाचा आहे. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर सुमारे ३४ सेंटिमीटर असतो आणि छातीचा घेर त्याहून एक-दोन सेंटिमीटर कमी. मोठ्या माणसाचे हे प्रमाण नेमके उलटे असते. छातीला बसेल असा बंद गळ्याचा स्वेटर बाळाच्या डोक्यातूनच जात नाही, आणि त्यातच मान धरत नसलेल्या बाळाच्या डोक्यावरून कपडा ओढणे कुणालाही नकोसे होते. यावर उपाय तीन: पुढून पूर्ण उघडा स्वेटर, खांद्यावर बटणे, किंवा झबल्यासारखा एकावर एक येणारा, बाजूला बांधायचा पदर. पहिला सर्वांत सोपा आणि सर्वांत टिकाऊ.

चार पदरी लोकर आणि दहा नंबरची सुई यांनी साधारणपणे इंचाला सात टाके बसतात. तयार स्वेटरचा घेर अठरा इंच हवा असेल तर एकशे सव्वीस टाके लागतात. त्यातले त्रेसष्ट पाठीचे, उरलेले दोन्ही पुढच्या भागांचे, आणि बटणपट्टीचे थोडे जादा. हात सैल असेल आणि इंचाला साडेसहाच टाके पडत असतील, तर तेवढ्याच टाक्यांचा घेर सव्वाएकोणीस इंचांच्या पुढे जातो. सुरुवातीला चार इंचांचा चौकोन विणून टाके मोजण्याचा कंटाळा बहुतेकजणींना असतो, आणि बाळाला न बसलेले बहुतेक स्वेटर त्या कंटाळ्यातून येतात.

वरून खाली विणण्याची पद्धत बाळासाठी विशेष चांगली. गळ्यापासून सुरुवात करून चार तिरक्या रेषांवर टाके वाढवत जायचे, बाह्यांचे टाके बाजूला काढून ठेवायचे आणि अंग पुरे करायचे. यात शिवण जवळजवळ नसते, त्यामुळे कातडीला काचणारे काही उरत नाही. शिवाय बाळ वाढल्यावर खालचा काठ उसवून दोन इंच वाढवता येतात. विणकामाचे नमुने रचणाऱ्या एलिझाबेथ झिमरमन यांनी १९६८ साली तयार केलेला बाळाचा कोट याहून चकित करणारा आहे. तो सुलट टाक्यांचा एकच वेडावाकडा तुकडा असतो. घडी घालून दोन खांदे शिवले की त्याचा कोट होतो. जगभर तो आजही विणला जातो. ज्या मराठी विणणारीला सुलट टाका येतो तिने तो एकदा करून पाहावाच.

टोपडे लहान, पण कामाचे. नवजात बाळाच्या अंगाच्या पृष्ठभागापैकी सुमारे एक पंचमांश भाग डोक्याचा असतो, त्यामुळे उघड्या डोक्यातून ऊब लवकर जाते. कमी वजनाच्या बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरण्याची ‘कांगारू’ पद्धत १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली. तिच्यातही बाळाच्या अंगावर लंगोटाखेरीज टोपी आणि मोजे असतात. साध्या टोपड्यासाठी चौऱ्याऐंशी टाके घेतले की बारा-बारा टाक्यांचे सात भाग पडतात, आणि दर ओळीआड प्रत्येक भागात एक जोडटाका, म्हणजे दोन टाक्यांचा एक, घालत गेले की डोक्यावर सुबक चक्र मिटत येते. घरात ऊब असताना झोपलेल्या बाळाला मात्र टोपडे घालू नये. बाळ अंगातली जास्तीची उष्णता डोक्यावाटेच टाकते.

मोजे बाळ पाय झाडून काढून टाकते, म्हणून घोट्याशी जाळीची एक ओळ घालून त्यातून दोरी ओवतात. ती आखूड असावी आणि मागे एका टाक्याने पक्की करावी. शाल आणि दुपट्याच्या काठाला क्रोशाचे साखळी-खांब शोभतात.

या कपड्यांत सौंदर्याआधी सुरक्षितता पाहावी. मोठ्या जाळीत बाळाची बोटे अडकतात. मोज्याच्या आत सुटा राहिलेला धागा पायाच्या बोटाभोवती गुंडाळला जाऊन रक्तपुरवठा बंद पडू शकतो. बालरोगतज्ज्ञांना हा प्रकार परिचित आहे. विणून झाल्यावर प्रत्येक नग उलटा करून धाग्यांची टोके विणीत ओवून टाकावीत. गोंडे, मणी आणि गळ्याशी लांब रिबिनी टाळाव्यात. बटणे दुहेरी धाग्याने लावावीत.

लुधियानाच्या यंत्रांवरचे स्वेटर प्रत्येक थंडीत बाजारात येतात, आणि किमतीत हातकाम त्यांच्यापुढे टिकत नाही. लोकरीचे पैसे आणि कित्येक दुपारचे श्रम यांचा खरा हिशेब मांडून विकणे फार थोड्यांना जमते. ज्यांना जमते त्यांतल्या काहीजणी कमी वजनाच्या बाळांचे, बाजारात सहसा न मिळणारे माप विणतात. घरातल्या बाळासाठी मात्र हा हिशेब कुणी मांडत नाही.

धुताना कोमट पाणी आणि रिठा किंवा सौम्य साबण वापरावा. पिळू नये, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढावे आणि सावलीत आडवे पसरून वाळवावे, कारण दोरीवर टाकलेला स्वेटर लांबतो. खऱ्या लोकरीला कसर लागते. म्हणून ट्रंकेत डांबराच्या गोळ्या टाकण्याची सवय आहे, पण बाळाच्या कपड्यांजवळ त्या कधीही ठेवू नयेत. जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांत या गोळ्यांतल्या नॅप्थलीनच्या वासानेही तांबड्या पेशी फुटून गंभीर कावीळ होऊ शकते, आणि ही कमतरता भारतात अनेक समाजांत आढळते. कडुलिंबाचा वाळलेला पाला आणि अधूनमधून दाखवलेले ऊन पुरे होते. कपडे धुऊन, पूर्ण वाळवून, सुती फडक्यात बांधावेत, आणि त्याच लोकरीचा थोडा धागा व एक जादा बटण त्यांच्याबरोबर ठेवावे. पुढच्या बाळाच्या वेळी तो लॉट बाजारात मिळत नाही.