शेवटी आला तो आधी जाणार: मुंबईच्या गोदीतला नियम अन् हंगामी कामावरची आपली पोरं



१६ जून ते १५ ऑगस्ट आपला बंद ऋतू. जाळं टाकता येत नाही, डोंगे काठावर पालथे पडून असतात. मग घरातली तरणी पोरं सौंसर-बोरगावच्या कारखान्यांत, बुटीबोरीला, नाहीतर नागपूरला गाड्या भरायला-उतरवायला जातात. काही ऋतू उघडल्यावर परत येतात, काही तिथंच राहून जातात. तीन-चार वर्षं निघतात अन् एक दिवस ठेकेदार म्हणतो, "उद्यापासून येऊ नको." मग घरचे आम्हाला विचारतात, असं काढता येतं का? कोणाला आधी काढायचं याचा काही नियम आहे का नाही?

नियम आहे. पण तो नीट समजायचा तर मुंबईच्या गोदीत काय झालं ते पाहावं लागते. रोजच्या मजुराचा पक्का कामगार कसा झाला अन् पुढं काम कमी झाल्यावर कोण टिकला, हे तिथं स्पष्ट दिसते.

जहाजाचं आपल्या मासळीसारखंच आहे, ठरल्या दिवशी येत नाही. एक दिवस धक्क्यावर जहाजांची रांग, तर पुढचे चार दिवस धक्का रिकामा. जहाजाचा माल उतरवणाऱ्या कंपन्यांना रोज सारखी माणसं नको असत. फाटकावर गर्दी उभी असली की त्यांचं काम भागायचं. त्या गर्दीतून माणसं निवडणारा तोलीवाला. ज्याच्यावर त्याची मर्जी, ज्यानं त्याचा हात ओला केला, जो त्याच्या गावचा, त्याला काम. बाकीचे दिवसभर उभे राहून रिकाम्या हातानं घरी. दहा वर्षं पोती वाहणारा अन् काल आलेला, फाटकावर दोघंही सारखेच.

१९३१ साली ब्रिटिश सरकारच्या शाही कामगार आयोगानं सांगितलं की गोदीतली ही रोजंदारीची पद्धत मोडून कामगारांची नोंदणी करा. पण कायदा यायला स्वातंत्र्य यावं लागलं. १९४८ साली गोदी कामगार (रोजगार नियमन) कायदा झाला अन् १९५१ साली मुंबईत गोदी कामगार मंडळ उभं राहिलं. मंडळावर सरकार, मालक अन् कामगार अशा तिन्ही बाजूंचे प्रतिनिधी. कामगारांची बाजू लावून धरणाऱ्यांत प्लॅसिड डिमेलो यांचं नाव मोठं. मुंबईतला पी. डिमेलो रोड त्यांच्याच नावाचा.

मंडळानं काय केलं, ते सोप्या भाषेत सांगतो.

पहिलं, यादी केली. यादीत नाव असेल त्यालाच गोदीचं काम. काही कामगार एकाच कंपनीकडे महिन्याच्या पगारावर, बाकीचे राखीव ताफ्यात.

दुसरं, राखीव ताफ्याला पाळीनं काम. आज ज्या टोळीला मिळालं ती रांगेत मागं, उद्या पुढची टोळी. तोलीवाल्याची मर्जी संपली.

तिसरं, महिन्यात ठरावीक दिवसांच्या मजुरीची हमी. हजर राहूनही काम मिळालं नाही तर हजेरी भत्ता. कामावर बोलावून काम सुरूच झालं नाही तर त्याचेही काही पैसे. हा खर्च मालकांकडून लेव्ही घेऊन भागवायचा.

चौथं, वरच्या कामावर घेताना ज्येष्ठता, लायकी अन् मागची नोंद पाहायची.

आता यातली एक गोष्ट बारकाईनं पाहा. पाळी अन् ज्येष्ठता हे दोन वेगळे नियम आहेत. काम आज कमी अन् उद्या जास्त असेल तर पाळी बरी. सगळ्यांना थोडं थोडं मिळते, कोणी उपाशी राहत नाही. पण काम कायमचंच घटलं तर पाळीनं कोणाचंच पोट भरत नाही. तेव्हा कोणाला तरी जावं लागते, अन् कोणी जायचं हे ज्येष्ठतेनं ठरते. जो शेवटी आला तो आधी जाणार.

हा नियम सगळ्यांना गोड लागत नाही. नवा पोरगा म्हणते, माझ्या अंगात ताकद जास्त, मग मीच का? त्याचंही खोटं नाही. पण हा नियम नसला तर निवड कोणाच्या हातात जाते? मुकादमाच्या. मग म्हातारा झालेला, कमरेनं गेलेला, नाहीतर युनियनमध्ये बोलणारा माणूस पहिला बाहेर. ज्येष्ठता आंधळी आहे, म्हणूनच तिला वशिला लावता येत नाही.

दुसरी खोट मात्र खरी आहे. यादी झाली की यादीबाहेरचा माणूसही तयार होतो. गोदीतही नोंद नसलेले कामगार होतेच, त्यांच्यासाठी १९५७ साली वेगळी योजना करावी लागली. काम वाढलं की त्यांना बोलवायचं, घटलं की सगळ्यात आधी त्यांचंच बंद. आतल्यांची सुरक्षा काही प्रमाणात बाहेरच्यांच्या जिवावर असते. आपली पोरं आज बहुतेक ठिकाणी याच बाहेरच्या रांगेत उभी आहेत.

पुढं गोदीतलं काम खरंच घटलं. १९५६ साली अमेरिकेत पहिलं कंटेनर जहाज निघालं. पोतं-पोतं पाठीवर न घेता अख्खी लोखंडी पेटी क्रेननं उचलायची. हे वारं आपल्याकडे आलं अन् १९८९ साली मुंबईच्या समोरच न्हावा-शेवाचं बंदर सुरू झालं. मुंबई गोदीतलं काम तिकडं सरकलं. इंग्लंडनं आपली १९४७ ची गोदी कामगार योजना त्याच १९८९ साली रद्द केली. मुंबईचं मंडळ १९९४ मध्ये पोर्ट ट्रस्टमध्ये विलीन झालं अन् १९९७ च्या कायद्यानं मोठ्या बंदरांसाठी जुना कायदा लागू न करण्याची वाट मोकळी झाली. पण नोंदणीतल्या कामगाराला "उद्या येऊ नको" असं तोंडी सांगता आलं नाही. विलीनीकरणात ते पोर्ट ट्रस्टकडे गेले, पुढं बरेच जण स्वेच्छानिवृत्तीचे पैसे घेऊन बाहेर पडले. काम गेलं, पण ते हिशेबानं गेलं. हा फरक कागदावरच्या नावाचा आहे.

हीच पद्धत महाराष्ट्रानं हमालांसाठी आणली. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा झाला. मालक मजुरी अन् लेव्ही मंडळात भरतो, मंडळ कामगाराला देते. पण तो महाराष्ट्राचा कायदा. नागपूरला चालतो, आपल्या पांढुर्ण्यात चालत नाही. म्हणून पोरगा कामाला सीमेच्या कोणत्या बाजूला आहे, हे आधी पाहा. तिकडं असेल तर माथाडी मंडळात नोंद होते का, ते विचारा.

कारखान्यातल्या छाटणीचा कायदा मात्र दोन्हीकडे आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होता, तोच पाया २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत ठेवला आहे. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. मुख्य गोष्टी अशा:

• एका वर्षात २४० दिवस काम भरलं तर ती सलग वर्षाची नोकरी धरतात. पगारी सुट्ट्या यात मोजतात.
• अशा कामगाराला काढायचं तर एक महिन्याची नोटीस नाहीतर तेवढा पगार, अन् पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागं १५ दिवसांचा सरासरी पगार.
• एकाच प्रकारच्या कामात शेवटी आलेला आधी काढायचा. मालकाला वेगळं करायचं असेल तर कारण लिहून ठेवावं लागते.
• छाटणीनंतर पुन्हा भरती निघाली तर काढलेल्यांना आधी संधी. संहितेत ही मुदत एक वर्षाची आहे.
• ठरावीक मुदतीच्या करारावर असाल तर मुदत संपल्यावर काम थांबणं ही छाटणी धरत नाहीत.

इथंच आपली पोरं अडकतात. २४० दिवस भरले हे दाखवून देणं कामगाराच्याच अंगावर येते. तोंडी सांगून चालत नाही. वर्षाच्या मध्येच ठेकेदाराचं नाव बदलते, हजेरी दुसऱ्याच कागदावर जाते, अन् पाच वर्षं काम करूनही पोरगा कागदावर नवाच राहते.

म्हणून घरोघरी एवढं कराच. पोराच्या वहीत रोजची तारीख, कारखान्याचं नाव अन् त्या दिवशीचा ठेकेदार लिहून ठेवायला सांगा. मजुरी खात्यात घ्या, रोख घेतली तर पावती मागा. पीएफचा नंबर आहे का ते पाहा, गेट पास फेकू नका, त्याचा फोटो काढून ठेवा. कोऱ्या कागदावर सही नको.

ज्यांची पोरं सध्या कामावर आहेत त्यांनी हे कागद घेऊन कार्यालयात यावं. आम्ही दिवस मोजून देऊ. काढल्यानंतर कागद शोधत बसण्यापेक्षा कामावर असतानाच ते जमवलेले बरे.

आपला,
सचिव