समुद्राकडे पाठ केलेले घर

नागपूर हे शहर देशाच्या मध्यभागी वसलेले असल्यामुळे येथून कोणताही समुद्र जवळ नाही, आणि कदाचित म्हणूनच येथल्या पेन्शनीत निघालेल्या माणसाला समुद्राची जी ओढ असते, ती जन्मभर चौपाटीवर भेळ खाल्लेल्या मुंबईकराला सहसा उमगत नाही. ज्यांची सारी हयात फिरतीवर गेली त्यांच्या ठायी तर ही ओढ विशेषच प्रबळ असते. सेमिनरी हिल्सवरील भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कचेरीतून दर हिवाळ्यात तंबू, हातोडा आणि होकायंत्र घेऊन गडचिरोली-बस्तरच्या रानात उतरणारे भूवैज्ञानिक. ज्यांचा तपासणीचा सलून गाडीच्या शेपटाला जोडला की बिछाना, स्वयंपाकघर आणि दप्तर यांसह अख्खा संसारच रुळांवरून चालू लागे असे रेल्वेचे अधिकारी. कोळशाच्या खाणी, वनखाते आणि बँका यांच्या हुकमासरशी दर दोन-तीन वर्षांनी बिऱ्हाड उचलणारे अंमलदार, या साऱ्यांना घर म्हणजे सामान उतरवण्याची जागा एवढेच ठाऊक असते. आणि साठीच्या उंबरठ्यावर ही मंडळी एकाएकी गुहागर, मालवण, वेंगुर्ले अशी नावे घेऊ लागतात.

पाश्चात्त्य देशांत या फिरस्त्यांचा स्वतंत्र पंथच आहे. अमेरिकेत कित्येक दांपत्ये निवृत्त होताच राहते घर विकून मोटारघरात राहू लागतात, टपाल आणि मतदान यांच्यापुरता साउथ डाकोटा, टेक्सस किंवा फ्लोरिडा येथला पत्ता ठेवतात, आणि पुढे गुडघे व डोळे साथ देईनासे झाले म्हणजे कोठेतरी किनाऱ्यावर लहानसे घर घेऊन चाके थांबवतात. ऑस्ट्रेलियात अशा वृद्ध भटक्यांना ‘ग्रे नोमॅड’ असे नावच पडले आहे. आपल्याकडे महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, तरी मोटारघरात उत्तरायुष्य काढण्याची रीत अद्याप रुजलेली नाही. तथापि चालते घर ही वस्तू नागपूर इलाख्याला अपरिचित नाही. मध्यप्रांताच्या अमदानीत डेप्युटी कमिशनर थंडी पडताच बैलगाड्यांवर राहुट्या, मेजे आणि दप्तरे लादून तहसिलीमागून तहसील पालथी घालीत आणि एखाद्या आमराईत कचेरी भरवीत; त्यांची घरे सरकारी खर्चाने चालत, एवढाच काय तो भेद.

अशा फिरतीच्या माणसाला मुक्कामाची जागा हेरण्याची कला अवगत असते. पाणी कोठे आहे, सावली कोणत्या प्रहरी कोठे सरकेल, वाट कोणत्या अंगाने येते, हे तो नजरेनेच ताडतो. परंतु मुक्काम चुकला तर दुसऱ्या दिवशी तंबू उपटता येतो. दुय्यम निबंधकांपुढे खरेदीखत नोंदवून झाल्यावर तसे काही उपटता येत नाही. म्हणून समुद्रकाठी घर घेऊ पाहणाऱ्या निवृत्त नागपूरकराला सांगण्यासारखी मुख्य गोष्ट ही की, त्याने समुद्रापासून चार पावले मागे सरावे आणि गावाच्या चार पावले जवळ जावे. हा उपदेश कोणा शहरी शहाण्याचा नव्हे. कोकणानेच तो आपल्या जुन्या वस्त्यांच्या रचनेत घालून ठेवलेला आहे.

गुहागरचे उदाहरण घ्या. किनाऱ्याला समांतर असा एक लांबच लांब रस्ता गावातून जातो आणि त्याच्या दोन्ही अंगांना घरे आहेत. त्यांपैकी जी समुद्राच्या बाजूची, त्यांची तोंडे रस्त्याकडे असून पाठ समुद्राकडे आहे. पाठीमागे माड-पोफळींची वाडी, वाडीच्या पलीकडे सुरूचे बन आणि मग कोठे वाळू. ज्या दृश्यासाठी आपण आठशे-नऊशे किलोमीटर तुडवून जातो, त्याकडे पिढ्यान्पिढ्या पाठ करून बसण्यात त्या गृहस्थांची अरसिकता नव्हती. नैर्ऋत्येचा खारा वारा प्रथम सुरू अंगावर घेतो, मग माड, मग पोफळी, आणि घरापर्यंत पोचेतो त्याचा जोर ओसरतो. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंतच्या वाड्या आडव्या झाल्या, तेव्हा वारा झाडांचे काय करतो ते साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात ‘तौक्ते’ वादळ सिंधुदुर्ग-रत्नागिरीला झोडपून गेले. हाच वारा आड झाड नसलेल्या, समुद्राकडे मोठमोठ्या काचा लावलेल्या बंगल्याचे काय करील, याची कल्पना ज्याने त्याने करावी.

जुन्या लोकांनी जे अनुभवाने केले तेच पुढे कायद्याने सांगितले. १९८१ मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून पाचशे मीटरपर्यंतचा पट्टा बांधकामापासून मुक्त ठेवावा असे सुचविले, आणि १९ फेब्रुवारी १९९१ रोजी किनारा नियमन क्षेत्राची, म्हणजेच लोकांच्या तोंडी असलेल्या सीआरझेडची, पहिली अधिसूचना निघाली. ती २०११ मध्ये आणि नंतर जानेवारी २०१९ मध्ये बदलण्यात आली. आज ग्रामीण किनाऱ्याचे दोन वर्ग पडतात: २०११ च्या जनगणनेनुसार जेथे दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा अधिक वस्ती आहे तेथे भरतीरेषेपासून पन्नास मीटर, आणि इतरत्र दोनशे मीटर, इतक्या पट्ट्यात नवे बांधकाम सामान्यतः निषिद्ध आहे. त्या त्या जिल्ह्याचा किनारा व्यवस्थापनाचा आराखडा २०१९ च्या नियमांनुसार मंजूर झाला आहे किंवा नाही, यावर कोणता नियम लागू हे ठरते. खाडीकाठालाही हे नियमन लागू आहे, ही गोष्ट ‘समुद्र तर दिसतसुद्धा नाही’ असे म्हणत खाडीवर जागा घेणाऱ्यांच्या हमखास ध्यानातून सुटते. दलाल दाखवितो ती भरतीरेषा आणि शासनाच्या नकाशावरील भरतीरेषा यांत पुष्कळ अंतर असू शकते. यास्तव इसार देण्यापूर्वी आपला सर्व्हे नंबर त्या मंजूर नकाशावर बसवून पाहावा.

त्यानंतरचा प्रश्न कागदांचा. विदर्भातील माणूस पटवारी, बंदोबस्त आणि नझूल या शब्दांत वाढलेला असतो. कोकणात गेल्यावर त्याला हिस्से, कुळे आणि सामाईक क्षेत्र यांच्या अरण्यात शिरावे लागते. आमच्याकडे मालगुजारी १९५१ मध्ये गेली, तिकडे खोती १९४९ च्या कायद्याने संपुष्टात आली; पण खोताच्या जमिनीवर राबणारी कुळे आणि त्यांचे वारस यांच्या नोंदी सातबाऱ्यावर अजूनही जिवंत आहेत. असा एखादा उतारा हाती घेऊन पाहावा. जमीन चौदा-पंधरा गुंठे, म्हणजे नागपुरातील तीन-चार बऱ्या प्लॉटांएवढी. परंतु भोगवटादाराच्या रकान्यात दोन आजोबांची नातवंडे-पतवंडे ओळीने उभी असतात, त्यांतील काही मुंबईस, काही परदेशी, काही दिवंगत आणि त्यांच्या वारसांचा फेरफार व्हावयाचा राहिलेला. ‘इतर हक्क’ या रकान्यात एखादे कूळ, सोसायटीचा बोजा, शेजाऱ्याची विहिरीवर जाण्याची वहिवाट. यांपैकी एकाची सही राहिली तरी तुमचे घर उभे राहील आणि त्याचबरोबर दिवाणी दावाही.

म्हणून सातबारा, आठ-अ आणि जुने फेरफार हे तिन्ही काढावेत. जमीन भोगवटादार वर्ग एकची आहे की वर्ग दोनची, ते पाहावे, कारण वर्ग दोनची जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून हस्तांतरित होत नाही. तीस वर्षांचा शोध वकिलाकडून घ्यावा आणि भूमिअभिलेख खात्याकडून मोजणी करवून हद्दीच्या खुणा समक्ष पाहाव्यात. ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा उतारा दाखवून ‘हे पाहा, घर आमच्याच नावावर’ असे सांगणारा मालक खोटे बोलत असतो असे नाही, परंतु तो उतारा कर आकारणीचा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. शिवाय १९४८ च्या कूळकायद्याच्या ६३ व्या कलमान्वये जो शेतकरी नाही त्यास शेतजमीन परवानगीवाचून घेता येत नाही. विदर्भासाठी १९५८ चा कूळकायदा निराळा असला, तरी काटोल-वरुडकडे ज्याच्या वडिलांची संत्र्याची बाग आहे आणि सातबाऱ्यावर ज्याचे स्वतःचे नाव लागले आहे, त्यास शेतकरी असल्याचा दाखला मिळवून कोकणात जमीन घेता येते. बाकीच्यांनी बिनशेती झालेली जागा किंवा बांधलेले घरच पाहावे. कोणी गोव्याकडे वळलाच तर तेथे सातबाऱ्याच्या जागी एक-चौदाचा उतारा असतो, आणि पोर्तुगीज नागरी संहितेच्या वारशामुळे विकणाऱ्याच्या पत्नीची किंवा पतीची सहीही लागते.

कागद निर्वेध निघाले तरी घराची परीक्षा पाऊसच घेतो. नागपुरात वर्षाकाठी सुमारे एक हजार मिलिमीटर पाऊस पडतो. रत्नागिरीत त्याच्या तिपटीने. जुन्या घरांच्या जांभ्याच्या भिंतींना पावसाळ्यापूर्वी माडाच्या झापांचे पडदे बांधीत, ते झड थेट चिऱ्यात मुरू नये म्हणून; दरसाल वैशाखात कौले उतरवून शाकारणी होई, आणि वानरांनी फोडलेली कौले तेव्हाच बदलली जात. आता शाकारणीची माणसे मिळेनाशी झाली म्हणून लोक सिमेंटच्या छपराकडे वळतात, परंतु खाऱ्या हवेतील क्षार काँक्रीटमध्ये शिरून आतील सळई गंजवतात, गंजलेली सळई फुगते आणि वरचा थर पोपडे धरून सुटू लागतो. अशा ठिकाणी सळईवरचे काँक्रीटचे आवरण जाड हवे आणि वाळू खाडीची नको, इतके तरी ठेकेदाराला बजावावे लागते. नागपूरकराचा उन्हाळ्यातला परममित्र जो वाळ्याच्या ताट्यांचा कूलर, तो मात्र येथेच ठेवून जावा. कोरड्या हवेत पाणी उडून जाते म्हणून तो गारवा देतो, आणि कोकणच्या दमट हवेत पाणी उडतच नसल्यामुळे त्याने खोलीतला घाम तेवढा वाढतो.

इतका पाऊस पडूनही वैशाखात पाण्यासाठी वणवण, हे कोकणचे जुने दुखणे आहे. जांभ्याचा कातळ सच्छिद्र असल्यामुळे पाणी त्यात मुरते खरे, पण उतारावरून तितक्याच त्वरेने समुद्राला मिळते, आणि सड्यावरच्या विहिरी एप्रिलपासून तळ दाखवू लागतात. किनाऱ्यालगत अडचण उलटी असते: जमिनीखाली गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, आणि पंप लावून ते अतोनात उपसले की खालचे खारे पाणी वर चढते. यास्तव विहीर पाहावयाची ती दिवाळीत नव्हे. मे महिन्याच्या अखेरीस तिच्या काठी उभे राहून पोहरा सोडावा आणि पाणी चाखून पाहावे.

वृद्धापकाळी याहूनही महत्त्वाची ठरते ती इस्पितळाची वाट. नागपुरात मेडिकल, मेयो आणि मिहानमधील एम्स अशी मोठी रुग्णालये हाकेच्या अंतरावर असतात. सिंधुदुर्गातील अवघड रोगी आजही पुष्कळदा गोव्यात बांबोळीस न्यावा लागतो. नागपूरला परतणेही सोपे नाही. नागपूर–मडगाव ही विशेष गाडी भुसावळ, कल्याण, पनवेल असा वळसा घेत एक अहोरात्र तरी घेते. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाने मुंबई जवळ आणली, कोकण नव्हे; पवनारहून पत्रादेवीपर्यंत आखलेल्या शक्तिपीठ महामार्गाला तर कोल्हापूरकडील शेतकऱ्यांचा कडवा विरोध आहे. अर्ध्या रात्री छातीत कळ आली तर जीप घेऊन कोण येईल, या प्रश्नाचे उत्तर समुद्र देत नाही, शेजारी देतो; आणि शेजार हा खरेदीखताबरोबर मिळत नाही, तो शिमग्यात पालखीमागून चालून, गणपतीत भजनाला बसून, ग्रामसभेत पाणंदीच्या वादावर तोंड उघडून मिळवावा लागतो. फिरतीच्या माणसाने आयुष्यभर गावे पाहिलेली असतात, पण गावातला एक होण्याची सवय त्यास क्वचितच लागलेली असते. घर घेताना खरी किंमत त्या सवयीचीच मोजावी लागते.

म्हणून माझे मत असे की, घर पाहण्याआधी त्याच वाडीत एक खोली भाड्याने घेऊन मृगापासून कोजागरीपर्यंत राहावे. कपड्यांना बुरशी, दिवसचे दिवस गेलेली वीज, घाटात कोसळलेली दरड आणि औषधाच्या दुकानापर्यंतची चिखलाची वाट हे सारे भोगूनही ज्यास तेथे राहावेसे वाटेल, त्याने खुशाल घर घ्यावे आणि मतदार यादीतले नावही तिकडे न्यावे. ज्याला तसे वाटणार नाही, त्याने हिवाळ्यात पंधरवडाभर पाहुणा म्हणून जावे, माडाखाली बसून मनसोक्त समुद्र पाहावा आणि सुखाने नागपूरला परतावे. त्यात कसलाही कमीपणा नाही. मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांनी कुलपे घातलेली घरे कोकणात मुळातच पुष्कळ आहेत, आणि त्यांत नागपूरकराच्या आणखी एका कुलपाची भर पडल्याने त्या गावाचे कोणतेही भले होणार नाही.