खोलीला टाइल्स किती लागतील?

वऱ्हाडात पूर्वी घरोघर शेणाने सारवलेली जमीन असे. पुढे शहाबादी फरशी आली. आता अमरावती-अकोल्याच्या दुकानांत गुजरातेतील मोरबीहून आलेल्या व्हिट्रिफाइड टाइल्सच्या पेट्या रचलेल्या दिसतात. घर बांधणाऱ्यापुढे प्रश्न असतो तो एकच: किती पेट्या घ्याव्यात?

हिशेब वरवर सोपा आहे. समजा, खोली ११ फूट रुंद व १३ फूट लांब आहे आणि टाइल ‘दोन बाय दोन’ आहे. खोलीचे क्षेत्रफळ १४३ चौरस फूट, एका टाइलचे ४. भागाकार ३५.७५, म्हणजे ३६ टाइल्स. पेटीत ४ टाइल्स असतील, तर बरोबर ९ पेट्या. पण तेवढ्याच आणल्या, तर काम अडून बसेल. असे का?

पहिले कारण मापाचे. दोन फुटी म्हणून विकली जाणारी टाइल प्रत्यक्षात ६० सें.मी.ची असते, दोन फूट म्हणजे जवळजवळ ६१ सें.मी. क्षेत्रफळात हा फरक सुमारे ३ टक्के होतो.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. टाइल पाण्यासारखी पसरत नाही. ती अखंड बसते, नाही तर कापावी लागते. आपली खोली ३३५ × ३९६ सें.मी. भरते. दोन टाइल्समध्ये २ मि.मी.चा सांधा सोडला, तर प्रत्येक टाइल ६०.२ सें.मी. जागा घेते. रुंदीत ५ टाइल्स बसून ३४ सें.मी. उरतात, लांबीत ६ बसून ३५. ही उरलेली जागा अर्ध्या टाइलहून मोठी आहे. त्यामुळे एका टाइलमधून असे दोन तुकडे निघत नाहीत. प्रत्येक तुकड्यासाठी नवी टाइल कापावी लागते. म्हणून ६ × ७ = ४२ टाइल्स हव्यात!

कापून उरलेले तुकडे मात्र वाया जात नाहीत. सुमारे २५ सें.मी. रुंदीचे असे १२ तुकडे मिळतात. प्रत्येकातून १० सें.मी. उंचीच्या दोन पट्ट्या, म्हणजे एकूण २४. दाराचे ९० सें.मी. वगळता भिंतीच्या कडेने २३ पट्ट्या लागतात. स्कर्टिंगचे काम त्यातच भागते.

आता फुटतुटीचा विचार. वऱ्हाडातील काळी माती पावसाळ्यात पाणी शोषून फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. खालचा भराव पक्का नसेल, तर वर्षा-दोन वर्षांनीही टाइल तडकू शकते. त्या वेळी तशीच टाइल मिळेलच असे नाही. भट्टीचे तापमान किंवा मातीचे मिश्रण किंचित बदलले, तरी रंगछटा बदलते. म्हणूनच पेटीवर बॅच आणि शेडचा क्रमांक छापलेला असतो. ११ पेट्या घेतल्या तर दोनच टाइल्स शिल्लक राहतात, १२ घेतल्या तर सहा. तेव्हा एकाच क्रमांकाच्या १२ पेट्या घेणे शहाणपणाचे.

विद्यार्थी मित्रांनो, हीच खोली साडेदहा फूट, म्हणजे ३२० सें.मी. रुंद असती तर? रुंदीत आता १९ सें.मी. उरतात. एका टाइलमधून अशा किती पट्ट्या निघतील? कोपऱ्याचा तुकडा कोठून मिळेल? कागदावर आकृती काढून मोजा. जमिनीसाठी ३७ टाइल्स पुरतात, असे दिसेल. रुंदी अर्ध्या फुटाने घटली आणि तब्बल पाच टाइल्स वाचल्या!