बियाणे घरचेच

अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी वालाचे कितीतरी वाण परसात जपले. २०२० ची पद्मश्री त्यांना त्याच कामासाठी. घरचे बियाणे धरताना नवशिक्यानेही वालापासूनच सुरुवात करावी. त्याच्या फुलात बहुतेक स्वपरागीभवन होते, त्यामुळे वाण सहसा भेसळत नाही. शेंगा वेलावरच वाळू द्याव्यात.

बियाण्यासाठी वांगे पिवळे पडेपर्यंत झाडावर ठेवावे. भाजीच्या वांग्यातले बी कोवळे असते.

दोडका नि घोसाळे शेजारी असले, तर संकर होऊ शकतो. बियाण्यासाठी निवडलेली मादी कळी उमलण्याआधी कागदी पिशवीत बांधावी. उमलली की त्याच वाणाच्या, तसेच झाकून ठेवलेल्या नरफुलाचे पराग हाताने लावून पुन्हा झाकावी. खटाटोप आहे, पण करावाच. बाजारातल्या संकरित बियाण्याचे बी मात्र धरू नये, पुढच्या पिढीत गुण विखुरतात.