गादी नव्हे, अर्धं जेवण

स्वयंपाकघर ते कुंडी : भाग ४

घरातली गांडुळांची पेटी बंद पडते तेव्हा तिची कथा बहुतेक वेळा एकाच वाटेने गेलेली असते. पहिले दोन-तीन आठवडे सगळं सुरळीत. मग आंबूस वास येऊ लागतो, झाकण उघडलं की चिलटांचा ढग उठतो, तळाशी काळपट पाणी साचतं, आणि एका सकाळी गांडुळं झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटून बाहेर पडायची वाट शोधताना दिसतात. दोष मग कोणावर तरी जातोच. गांडुळं निकृष्ट होती, आपल्याकडची हवा त्यांना मानवली नाही, घरात कोणीतरी चुकून लिंबाच्या साली टाकल्या. लिंबाच्या सालींचा काही वाटा असेलही; पण या तक्रारींच्या मुळाशी मला एकच कारण दिसतं, आणि ते पेटीत काय टाकलं यापेक्षा काय टाकलं नाही याच्याशी जोडलेलं आहे. पेटीला ओलं रोज मिळत होतं, कोरडं मिळालं ते फक्त पहिल्या दिवशी.

याला आपली माहितीपत्रकंही थोडी जबाबदार आहेत. त्यांत एक शब्द हमखास असतो: गादी. तळाशी नारळाचा काथ्या, वाळका पाला, थोडं अर्धवट कुजलेलं शेण यांची गादी करा, तिच्यावर गांडुळं सोडा आणि मग रोजचा ओला कचरा घालत जा. गादी एकदा अंथरायची असते, असं वाचणाऱ्याने समजावं यात नवल नाही. अंथरूण म्हटलं की ते झोपण्यासाठी. खाण्याशी त्याचा संबंध कुणी का जोडावा? प्रत्यक्षात ही गादी गांडुळं आणि त्यांच्याबरोबरचे सूक्ष्मजीव दोन-तीन महिन्यांत बऱ्याच अंशी संपवून टाकतात. ती झिजते, खचते, तिची जागा भाजीपाल्याचा चिखल घेतो. कोरडा पाचोळा ही गादी नव्हे, ते अर्धं जेवण आहे, आणि जेवण रोज वाढावं लागतं.

हे नीट पटायचं तर गांडूळ मुळात काय खातं, ते पाहावं लागेल. चार्ल्स डार्विनने मृत्यूच्या आदल्या वर्षी, 1881 साली, गांडुळांवर एक अख्खं पुस्तक प्रसिद्ध केलं. कुंड्यांमध्ये गांडुळं घरात ठेवून त्याने त्यांच्या सवयी पाहिल्या. ती झाडाची गळलेली पानं बिळात ओढून नेतात, ओढताना बहुधा निमुळतं टोक धरतात, आणि खाण्याआधी पान आपल्या स्रावाने भिजवून मऊ करतात, असं त्याने नोंदवलं. पानांऐवजी कागदाचे त्रिकोण ठेवून त्याने हा प्रयोग पुन्हा केला, यावरून त्याची चिकाटी कळते. डार्विनची गांडुळं बागेतली, बिळं करणारी होती. आपल्या पेटीतली पृष्ठभागावर राहणारी असतात. पण पृष्ठभाग म्हणजे तरी काय? झाडाखाली साठलेला पाल्याचा थर किंवा शेणाचा ढीग. गांडुळाला दात नसतात. त्याच्या पोटात दळण्याचं काम करणारी पेषणी असते, आणि ती चालायला बारीक वाळूचे कण लागतात. ताजी, कडक साल ते खाऊ शकत नाही. आधी जिवाणू आणि बुरशी त्या सालीला मऊ करतात; मग गांडूळ ते मऊ झालेलं अन्न आणि त्यावरचे सूक्ष्मजीव दोन्ही गिळतं. म्हणजे पेटीत पहिली पंगत सूक्ष्मजीवांची, दुसरी गांडुळांची. पहिल्या पंगतीला हवा मिळाली नाही, तर दुसरी बसतच नाही.

इथून हवेचा प्रश्न सुरू होतो. गांडूळ कातडीने श्वास घेतं, म्हणून त्याला ओल हवी. पण पाण्यात बुडालेल्या चिखलात प्राणवायू राहत नाही, म्हणून नुसती ओल चालत नाही. मेथीची देठं, दुधीची साल, कलिंगडाच्या फोडी यांत वजनाचा मोठा भाग पाणीच असतो. त्या कुजल्या की त्यांचा आकार ढासळतो, पाणी सुटतं आणि मधल्या पोकळ्या बुजतात. हवा नसलेल्या त्या थरात वेगळे जिवाणू कामाला लागतात आणि आंबूस, कुबट वास सुरू होतो. दुसरीकडे भाजीपाल्यात नत्राचं प्रमाण जास्त असल्यामुळे सूक्ष्मजीवांना न लागणारा नत्र अमोनियाच्या रूपाने बाहेर पडतो, आणि अमोनिया गांडुळाच्या नाजूक कातडीला विषच. झाकणाला चिकटलेली गांडुळं आपल्याकडच्या हवामानावर रुसलेली नसतात, ती त्या वायूपासून पळत असतात.

आता थोडा हिशेब. समजा, चार माणसांच्या घरातून रोज 500 ग्रॅम भाजी-फळांचा कचरा निघतो. त्यात सुमारे 85 टक्के पाणी धरलं तर कोरडा ऐवज उरतो 75 ग्रॅम. त्यात कर्ब साधारण 34 ग्रॅम आणि नत्र सव्वादोन ग्रॅम, म्हणजे कर्ब-नत्राचं गुणोत्तर पंधरास एक. चांगलं कुजण्यासाठी ते पंचवीस-तीसास एकच्या आसपास असावं लागतं. त्यात 100 ग्रॅम वाळका पाला मिसळा. पाल्याचं गुणोत्तर साठास एक धरलं, तर त्यातून 40 ग्रॅम कर्ब येतो आणि नत्र जेमतेम पाऊण ग्रॅमच्या आत. बेरीज केली की मिश्रण पंचवीसास एकवर येतं. याच मिश्रणाची ओल मोजली तर ती बाहत्तर टक्क्यांच्या जवळपास भरते, आणि पेटीतल्या गांडुळांना सत्तर ते ऐंशी टक्के ओलच मानवते. आकडे ढोबळ आहेत; पाला पिंपळाचा की जंगली बदामाचा, यावरही फरक पडेल. तरी नत्राच्या बाजूने गणित मांडा किंवा पाण्याच्या बाजूने, उत्तर त्याच मापाशी येतं: वजनाने कचऱ्याच्या पाचव्या हिश्श्याइतका पाला. हलका असल्यामुळे हाच पाचवा हिस्सा आकारमानाने मात्र भाजीपाल्याइतका, कधी जास्तच दिसतो. एक वाटी कचऱ्याला किमान एक वाटी चुरलेला पाला, ही घरगुती आवृत्ती. वजनकाट्याची गरज नाही.

पाला नसेल तर काय चालेल, हा पुढचा प्रश्न. वर्तमानपत्राचा कागद फाडून चालतो, पण भिजला की त्याचे लगदे होतात आणि हवा पुन्हा कोंडते. अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे त्यापेक्षा चांगले, कारण ते आकार धरून राहतात. चकचकीत छपाईचा कागद टाळावा. नारळाचा काथ्या पाणी उत्तम धरतो, पण कुजायला फार वेळ घेतो, म्हणून तो एकट्याने पुरत नाही. रसवंतीवरचं उसाचं चिपाड फुकट मिळतं आणि पोकळीही छान ठेवतं. मात्र ओलं चिपाड तसंच टाकलं तर उरलेल्या साखरेमुळे ते आंबतं, तापतं आणि मुंग्यांना आमंत्रण जातं. दोन-चार दिवस कडक उन्हात वाळवून, तोडूनच घालावं. पेटीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायची जुनी युक्ती, जी आपण दुधाच्या कपाटाला वापरत आलो, ती इथेही कामाची.

पहिला आक्षेप वाजवी आहे: एवढा पाला घातल्यावर खत गांडुळांशिवायही होईलच की! होईल. भोकं पाडलेल्या माठात किंवा जाळीच्या टोपल्यात ओलं-सुकं एकावर एक रचून लोक खत करतातच, आणि ज्याला गांडुळांची किळस येते त्याने तेच करावं. गांडूळ यात भर घालतं ती वेगळी. ढीग वरखाली करण्याचं काम ते फिरता फिरता करतं, माल पेषणीत बारीक दळतं, आणि त्याची विष्ठा दाणेदार, माती धरून ठेवणारी असते. लहान पेटीत ढीग फारसा तापत नाही, म्हणून उष्णतेवर चालणारी पद्धत तिथे अर्धवट राहते. गांडुळांची पद्धत थंड पेटीतच चालते. गांडूळ पाचोळ्याला पर्याय नाही, तो पाचोळ्यावर काम करणारा मजूर आहे. पाचोळ्याशिवाय गांडुळं टिकत नाहीत, गांडुळांशिवाय पाचोळ्याचं खत होतं. या दोहोंत आधार कोणता, हे यावरून ठरावं.

दुसरा आक्षेप जातीचा. बागेतलं, पावसाळ्यात रस्त्यावर दिसणारं गांडूळ पेटीत का चालत नाही? कारण ते मातीत राहणारं, माती खाणारं असतं. पेटीत त्याला ना खोली मिळते ना माती. आपल्याकडे या प्रश्नावर अभ्यासकांची मतंही वेगवेगळी राहिली आहेत. पुण्यात डॉ. उदय भवाळकरांनी खोल बिळं करणाऱ्या गांडुळांचा पुरस्कार केला. बंगळूरच्या कृषी विद्यापीठात डॉ. राधा काळे यांनी आफ्रिकन मूळ असलेल्या युड्रिलस युजेनी या जातीवर काम केलं. जमिनीच्या संदर्भात खोल जाणाऱ्यांचं महत्त्व कोणी नाकारू नये. पण फ्लॅटच्या गॅलरीतल्या दीड फुटी पेटीत वरच्या थरात राहणाऱ्या जातीच टिकतात: युड्रिलस, आयसेनिया फेटिडा आणि आपल्याच भागातली पेरिओनिक्स एक्सकॅव्हेटस. आयसेनियाच्या नावातल्या फेटिडाचा अर्थ दुर्गंधी असा आहे. डिवचलं की ती वासाचा पिवळसर द्राव सोडते, म्हणून. पेटीच्या वासाचं खापर तिच्यावर फोडायला मात्र हे कारण पुरेसं नाही.

उन्हाळ्याचा आक्षेप विदर्भ-खानदेशातून येतो, आणि तो खरा आहे. आयसेनियाला पंधरा ते पंचवीस अंश सेल्सिअस बरं वाटतं, पस्तिशीच्या पुढे तिचं काही खरं नाही. युड्रिलसला पंचवीस-तीस अंश आवडतात, पेरिओनिक्स थोडी अधिक उष्णता सोसते. बाहेर पंचेचाळीस असताना पत्र्याखाली ठेवलेली पेटी कोणतीच जात वाचवू शकत नाही. पण अकोला-नागपूरची मे महिन्यातली हवा कोरडी असते, आणि कोरड्या हवेत माठ गार राहतो तसंच ओल्या गोणपाटाने झाकलेली पेटीही बाहेरच्यापेक्षा बरीच गार राहते. मुंबई-कोकणात हवा दमट, त्यामुळे गोणपाटाचा गुण कमी, पण तिथे पाराही तितका चढत नाही. तिथली अडचण पावसाची: पेटीत शिंतोडे आले की ओलीचं गणित बिघडतं, आणि उपाय पुन्हा मूठभर जादा पाला. उष्णतेचा एक भाग तर आपणच आत नेतो. एकदम चार दिवसांचा कचरा ओतला की ढीग आतून तापतो. तोच रोज पातळ थरात, पाल्यासह गेला तर तापत नाही.

पेटीखाली साचणाऱ्या काळ्या पाण्याबद्दलही गैरसमज आहे. ते गांडूळपाणी म्हणून कुंड्यांना घातलं जातं. गांडूळपाणी म्हणजे तयार खताच्या, गांडुळांनी भरलेल्या थरातून मुद्दाम झिरपवलेलं पाणी. न कुजलेल्या सालींतून गळलेला रस ही वेगळी वस्तू आहे, आणि तो सतत गळत असेल तर पाला कमी पडतोय एवढाच त्याचा अर्थ.

सगळ्यात मोठा आक्षेप उरतो: घरच्या अर्ध्या किलोने शहराचं काय होणार, हे महापालिकेचं काम नाही का? आहेच. शिजलेलं तेलकट उरलंसुरलं, माशांची मुंडकी, हाडं पेटीत घालायचीच नसतात. ती उचलणं पालिकेलाच भाग आहे. पण शहराच्या कचऱ्याचं दुखणं आणि पेटीचं दुखणं एकाच जातीचं आहे, हे लक्षात घ्यावं. मुंबईचं देवनार कचराभूमी म्हणून 1927 पासून वापरात आहे. तिथे हवेविना दबलेल्या ओल्या कचऱ्यातून मिथेन निघतो, जो शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या अठ्ठावीस पट उष्णता धरतो आणि पेटही घेतो. जानेवारी 2016 मध्ये तिथे लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या चित्रांतही दिसला. आणि ज्या शहरात ओला कचरा असा कोंडला जातो, त्याच शहरात माघ-फाल्गुनात गळलेला पाला होळीच्या आधी आणि नंतरही रोज सकाळी रस्त्याच्या कडेला पेटवला जातो. घनकचऱ्याच्या 2016 च्या नियमांनी उघड्यावर कचरा जाळायला मनाई केली, त्याच वर्षी राष्ट्रीय हरित लवादाने त्यासाठी 5,000 रुपये दंडही ठरवला. मुंबई महापालिकेने 2017 मध्ये मोठ्या सोसायट्यांना ओला कचरा आवारातच जिरवायला सांगितलं. सोसायटीच्या मागच्या बाजूला खताचं यंत्र आलं, पुढच्या बाजूला झाडलोट करणाऱ्याच्या हातात काडेपेटी राहिली.

अडचण साठवणीची आहे, आणि ती सोपी नाही. रोज शंभर ग्रॅम म्हणजे एका घराला वर्षाला साडेछत्तीस किलो पाला; वीस घरांच्या इमारतीला सातशे किलोंहून अधिक. झाडं तो दोन-तीन महिन्यांतच देऊन टाकतात, आणि लागतो मात्र बारा महिने, त्यातही सर्वांत जास्त आषाढ-श्रावणात, जेव्हा एक पान कोरडं मिळत नाही. गच्चीवरच्या जिन्याखाली, पावसापासून दूर, गोणपाटात चुरून, दाबून भरलेला पाला बराच कमी जागा घेतो. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने अख्ख्या वर्षाचा साठा करावा अशी अपेक्षा धरणं अव्यवहार्य. हे काम इमारतीने एकत्र करायचं आहे, आणि ते फाल्गुनातच करावं लागतं.

परतावा किती? वरच्या हिशेबात रोज कोरडा ऐवज 165 ग्रॅम जातो, त्यातला निम्मा तरी वायू होऊन निघून जातो, उरलेला ओलीसह दोनशे ग्रॅमच्या आसपास भरतो. महिन्याला सहा किलो. दोन तुळशींच्या कुंड्यांना हे जास्त आणि नुसत्या नत्राच्या दृष्टीने पाहिलं तर फारसं नाही. गांडूळखत माती भुसभुशीत करतं, युरियाची जागा घेत नाही. जादा खत त्याच झाडाच्या आळ्यात घालावं ज्याचा पाला गोणीत भरला होता. पेटीतून खत काढताना गांडुळं कशी वेगळी करायची, उजेडाचा त्यांना असलेला तिटकारा त्यात कसा उपयोगी पडतो, ते पुढच्या भागात.