डोंगरवाट, सायकल आणि दिव्यांग स्वार : अडतं नेमकं कुठे?

ब्रिटनचा ट्रायल्स सायकलपटू मार्टिन अ‍ॅश्टन २०१३ साली एका प्रात्यक्षिकात पडला. पाठीचा कणा मोडला आणि कमरेखालचं शरीर लुळं पडलं. दोन वर्षांनी 'बॅक ऑन ट्रॅक' या लघुपटात तोच अ‍ॅश्टन खास आसन बसवलेल्या सायकलवरून डोंगरउतारावर सुसाट सुटलेला लोकांनी पाहिला. 'काय जिद्द आहे!' असं म्हणून बहुतेकांनी विषय संपवला. जिद्द आहेच, पण सगळं तिच्याच खात्यावर जमा केलं की सायकल कशी होती, वाट किती रुंद होती, हे विचारायचं राहून जातं. दिव्यांगांच्या माउंटन बायकिंगविषयीचे गैरसमज तिथूनच वाढतात.

गैरसमज : दिव्यांगांसाठी वाट करायची म्हणजे ती सपाट आणि सोपी करायची.

हा सगळ्यात खोलवर रुजलेला समज आहे आणि नुकसानही तोच सगळ्यात जास्त करतो. वस्तुस्थिती कळण्यासाठी आधी यंत्र पाहायला हवं. पायात बळ नसलेले स्वार बहुधा तीन चाकांची हँडसायकल वापरतात. पॅडल हाताने फिरवायचं. काही सायकलींवर पाय पुढे पसरून मागे रेलून बसतात, तर काहींवर गुडघे टेकून, छाती गादीवर ठेवून पुढे झुकतात. दोन चाकं शेजारीशेजारी असल्यामुळे या सायकलीला साधारण ऐंशी-नव्वद सेंटिमीटर जागा लागते. नेहमीची एकेरी डोंगरवाट पुष्कळदा अर्धा मीटरसुद्धा नसते.

रुंदीपेक्षाही मोठी अडचण आहे आडव्या उताराची. डोंगराच्या कुशीतून जाणारी वाट पावसाने धुपून दरीकडे कलते. दोन चाकांवरच्या स्वाराला ते जाणवतही नाही, कारण त्याची सायकल कलली तरी तो स्वतः तोल सांभाळतो. तीन चाकांचा सांगाडा मात्र वाटेबरोबरच कलतो. खालच्या बाजूचं चाक आणखी दबतं, भार बाहेर जातो आणि पट्ट्यांनी बांधलेल्या स्वारासकट सायकल उलटते. उलट, वळणावर बाहेरची कड उचलून बांधलेली असेल, तर हीच सायकल त्या वळणावरून वेगात आणि निर्धास्त जाते.

म्हणून वाट अवघड असणं आणि ती अडवणारी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उभा, खडकाळ उतार तरबेज हँडसायकलपटू मजेत उतरून जातो आणि पुढे अगदी सपाटीवर, सत्तर सेंटिमीटर अंतरावरच्या दोन झाडांमध्ये अडकतो. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियामधल्या कूटनी अडॅप्टिव्ह स्पोर्ट असोसिएशनने अशा वाटांसाठी मानकंच तयार केली आहेत. अमेरिकेत व्हरमाँट राज्यातल्या बोल्टन इथे 'ड्रायव्हिंग रेंज' नावाचं वाटांचं जाळं पहिल्या कुदळीपासून हँडसायकली डोळ्यांसमोर ठेवून खोदलं गेलं. तिथे नेहमीचे सायकलस्वारही तितक्याच हौसेने जातात.

गैरसमज : मोटर लावली, मग खेळ कसला?

हातांचे स्नायू पायांच्या मानाने लहान. फक्त हातांनी जोर लावताना शरीर जास्तीत जास्त जेवढा प्राणवायू वापरू शकतं, तो पायांनी जोर लावताना वापरता येणाऱ्या प्राणवायूच्या साधारण सत्तर टक्के भरतो. त्यात यंत्र जड आणि चढ खडा. मज्जारज्जूला छातीच्या वरच्या भागात इजा असेल, तर हृदयाचे ठोके गरजेप्रमाणे वाढत नाहीत. अशा वेळी मोटरमुळे स्वार मित्रांच्या बरोबरीने माथ्यावर पोचतो, एवढंच. कॅल्गरीच्या क्रिश्चन बॅगने बनवलेल्या 'बोहेड रीच'वर तर पॅडलच नाही. पण तिची पुढची दोन चाकं खाचखळग्यांप्रमाणे खालीवर होतात, आसन सरळ राहतं आणि हातांत फारसा जोर नसलेल्यांनाही जंगलात शिरता येतं. याला फसवणूक म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

गैरसमज : दिव्यांग स्वार म्हणजे व्हीलचेअरवरचा माणूस.

पुण्याचे दिव्यांशु गणात्रा यांना दिसत नाही. २०१६ साली त्यांनी टँडम सायकलवरून मनाली ते खारदुंगला हा पल्ला गाठला. पुढे डोळस जोडीदार, मागे ते. एक हात नसलेल्याला दोन्ही ब्रेक एकाच मुठीवर घेता येतात. मांडीपासून पाय गमावलेल्या माइक शुल्ट्झ या अमेरिकी खेळाडूने स्वतःसाठी कृत्रिम गुडघा बनवला, त्यात माउंटन बाइकचा शॉक अ‍ॅब्सॉर्बर वापरला. आज तो गुडघा इतर खेळाडूही वापरतात.

गैरसमज : त्यांच्यासाठी हे फार धोक्याचं आहे.

धोका आहे, पण तो बघणाऱ्याला वाटतो तिथे नेहमीच नसतो. कमरेखाली संवेदना नसेल, तर पट्ट्याची एक चुणी तासभर मांडीत रुतत राहते आणि कळत नाही. मग चिघळलेली जखम महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळवते. म्हणून मधूनमधून थांबायचं, हातांवर अंग उचलायचं, जोडीदाराला पट्टे पाहायला सांगायचे. मानेजवळ इजा झालेल्यांना पुरेसा घाम येत नाही. ते पाण्याचा फवारा जवळ ठेवतात. एकट्याने जायचं नाही, ओढायची दोरी बरोबर हवी, आणि वाटेत मध्येच गाडीरस्त्यावर निघता येईल अशा जागा हव्यात. हे सगळं नियोजनाने साधतं.

खर्चाबाबत मात्र गैरसमज नाही. अशी सायकल दहा ते वीस हजार डॉलरच्या घरात जाते. अमेरिकेत केली ब्रश फाउंडेशनसारख्या संस्था अनुदान देतात. आपल्याकडे असा आधार तुटपुंजा आहे. भंडारा जिल्ह्याची ज्योती गडेरिया २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये सायकलिंगला उतरली, याचा अभिमान वाटतो. पण पॅरालिम्पिकमध्ये सायकलिंग रस्त्यावरचं आणि ट्रॅकवरचंच आहे, माउंटन बायकिंग अजून नाही. त्यामुळे डोंगराच्या खेळाकडे सरकारी पैसा सहजी वळत नाही.

तरी काही गोष्टींना फारसा पैसा लागत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ३० खेळाच्या सुविधा दिव्यांगांना वापरता येतील अशा करायला सांगतं. आपल्या टेकड्यांच्या तोंडाशी मोटारसायकली रोखायला फिरकी फाटकं, नागमोडी कठडे किंवा मोठे दगड असतात. हँडसायकल आणि व्हीलचेअर तिथूनच परत फिरते. वनखात्याने आणि सायकल क्लबांनी फाटक बसवण्याआधी एका हँडसायकलपटूला बोलवावं, मोजपट्टी घेऊन त्याच्याबरोबर वाट चालावी आणि जिथे चाक अडेल तिथे खुणेचा खडू मारावा. निम्म्या खुणा पहारीने दगड सरकवून पुसता येतील. उरलेल्या पुढच्या अंदाजपत्रकात घ्याव्यात.