वर्गात नव्याने आलेले हुशार मूल

साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला म्हणजे बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोडणीची कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात येतात व गावाबाहेर त्यांच्या कोप्या उभ्या राहतात. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम ५ अन्वये दाखला येण्यास उशीर झाला म्हणून त्यांच्या मुलांना प्रवेश नाकारता येत नाही. नाव पटावर चढते. मुलांच्या घोळक्यातील जागा मात्र त्या मुलाला स्वतःच मिळवावी लागते.

असे मूल हुशार असले, तर गणिते कोणाला येत नाहीत, कोणाच्या शब्दावर सारे चालतात, कशाला हसतात, हे ते चार दिवसांत हेरते आणि त्याप्रमाणे स्वतःला उपयोगी करून घेते. कधी ते आपली वही दुसऱ्यांना उतरवून घेण्यास देते. कधी गुरुजींचा आधार मिळावा म्हणून चहाड्या सांगू लागते. त्या ऐकून घेणारा शिक्षक त्याची उरलीसुरली जागाही घालवतो. कधी ते विदूषक बनते. दुसऱ्यांनी हसण्यापूर्वी आपल्या बोलीची व कोपीची थट्टा स्वतःच करून मोकळे होते. हे सोंग सर्वांत फसवे होय, कारण ‘मूल रुळले’ असे समजून शिक्षक निश्चिंत होतात.

खरी स्थिती कळण्याचा एक साधा उपाय आहे. जेकब मोरेनो यांनी १९३४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात शाळकरी मुलांवर केलेला प्रयोग दिला आहे. आपल्या शेजारी कोण बसावे, एवढेच मुलांना विचारावयाचे. प्रत्येकाने चिठ्ठीवर दोन नावे लिहावीत. शिक्षकाने ती एकट्याने वाचावीत व कोणासही दाखवू नयेत. ज्याची वही वर्गभर फिरते, त्याचे नाव एकाही चिठ्ठीवर नाही, असे आढळण्याचा संभव असतो.

अशा वेळी ‘पाहा, हा बाहेरगावचा मुलगा तुमच्या पुढे गेला’ असे भर वर्गात म्हणणे म्हणजे त्याला एकटे पाडणे होय. वर्गनायकपदही लगेच देऊ नये. ते त्याला शिपाई बनवते. चौघांच्या गटाला असे काम द्यावे की ज्यात त्याची माहिती लागेल, पण ते एकट्याने पुरे होणार नाही. शाळेच्या आवाराचे मोजमाप घेऊन नकाशा काढणे, किंवा मोळ्यांची संख्या, वजन व मजुरी यांवरून उदाहरणे तयार करणे, ही कामे चांगली. मात्र फडावरची माहिती वर्गात सांगणे त्याला आवडेल का, हे आधी एकांतात विचारावे. काहींना ते नकोसे असते, आणि त्यात गैर काही नाही.

खेळाच्या तासाला दोन नायकांनी गडी निवडण्याची रीत बंद करावी. शेवटी उरणारे मूल कोण असते, हे सांगावयास नको. ‘एक, दोन’ असे म्हणत संघ पाडावेत.

हंगाम संपल्यावर मूल जाते. त्याच्या प्रगतीच्या नोंदीबरोबर ते कोणत्या मुलांत मिसळले व कोणत्या कामात खुलले, हेही दोन ओळींत लिहून पाठवावे. पुढील शिक्षकाला गुण निकालपत्रकात मिळतात. ही माहिती तेथे नसते.